आयडिया ऐकवली, आवडली, आणि मग फोन आलाच नाही

पत्र:

"ताई, मी मूळचा सांगलीचा, सध्या गोरेगावला राहतो. एका डेली सोपच्या संवाद लेखकांकडे असिस्टंट म्हणून काम करतो. रात्री रूमवर बसून एका वेब सिरीजची कन्सेप्ट लिहिली. ओळखीतून एका प्रॉडक्शन हाऊसच्या क्रिएटिव्ह हेडना भेटलो, त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं, खूप आवडलं म्हणाले, व्हॉट्सअॅपवर पाठव म्हणाले. मी दहा पानांची नोट पाठवली. निळ्या टिक आल्या आणि मग काहीच नाही. आता तिथला एक मित्र सांगतोय की तशाच विषयावर तिकडे काम सुरू झालंय, लेखक दुसराच आहे. भांडलास तर इंडस्ट्रीत कोणी उभं करणार नाही असं सगळे म्हणतात. आमचे सर तर म्हणतात, माझ्याकडे असताना जे लिहिलंस ते माझंच. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या ठिकाणी मीटिंग ठरलीये, जाऊ की नको तेच कळत नाहीये. आयडियाला कॉपीराइट असतो का? आणि माझ्याकडे पुरावा म्हणून काय आहे?"

उत्तर:

अरे, सगळ्यात आधी हे सांगते की तुझी कन्सेप्ट मी इथे छापलेली नाहीये. तू पत्रात ती पूर्ण लिहून पाठवली होतीस, शेवटासकट, आणि मला तू ओळखतही नाहीस. तुझा विश्वास मी मोडणार नाही, पण ही सवय आजपासून बंद कर. सल्ला विचारायला गोष्ट सांगावी लागत नाही, काय झालं तेवढं सांगितलं की पुरतं. मित्र, रूममेट, एडिटर, कॅमेरामन, चहाच्या टपरीवर भेटलेला कोणी एडी (असिस्टंट डिरेक्टर), या सगळ्यांना आपण उत्साहात ऐकवत सुटतो आणि मग कुठून फुटली ते आपल्यालाच सांगता येत नाही.

आता तुझा मुख्य प्रश्न. आयडियाला कॉपीराइट नसतो. वाईट वाटेल पण हे एकदा नीट समजून घे, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. आपल्याकडे यावरचा सगळ्यात मोठा निकाल सुप्रीम कोर्टाचा आहे, १९७८ सालचा, आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स. आनंद यांचं 'हम हिंदुस्तानी' नावाचं नाटक होतं, दिल्लीत त्याचे प्रयोग झाले होते, सिनेमावाल्यांनी ते त्यांच्याकडून ऐकलंही होतं, आणि मग १९५६ मधे 'न्यू दिल्ली' नावाचा सिनेमा आला. दोन्हीत प्रांतवाद, दोन वेगवेगळ्या प्रांतातली घरं, त्यांच्या मुलांचं प्रेम. आनंद कोर्टात गेले, खालपासून वरपर्यंत लढले, आणि हरले. कोर्टाचं म्हणणं साध्या भाषेत असं की कल्पना, विषय, कथानकाचा ढोबळ सांगाडा, इतिहासातल्या घटना यावर कोणाचीच मालकी नसते, मालकी असते ती लेखकाने ती कल्पना ज्या पद्धतीने मांडली, रचली, त्या मांडणीवर. आणि चोरी झाली का हे ठरवायची कसोटी अशी की दोन्ही गोष्टी वाचल्या-पाहिल्यावर प्रेक्षकाला अगदी स्पष्ट वाटायला हवं की ही त्याचीच नक्कल आहे. विषय एकच आहे पण मांडणी वेगळी आहे, तर काही करता येत नाही.

आता हे तुझ्या कामाचं कसं, ते मी एका उदाहरणाने सांगते, हे उदाहरण मी आत्ता बनवलंय, तुझ्या गोष्टीशी याचा संबंध नाही. समज कोणी म्हणालं, 'एसटी स्टँडवर घडणाऱ्या गोष्टींची सिरीज करायची'. ही आयडिया झाली. ही कोणाचीच नाही, उद्या दहा जण करू शकतात आणि दहाही जणांचा हक्क आहे. आता पुढे लिहीत जा. कोकणातल्या एका तालुक्याचं स्टँड, तिथे रिटायरमेंटला आलेली वाहतूक नियंत्रक बाई. तिच्या टेबलाच्या खणात हरवलेल्या वस्तूंची वही. दर एपिसोडला त्या वहीतली एक नोंद, कोणाचा डबा, कोणाचं सर्टिफिकेटचं फोल्डर, आणि ती वस्तू ज्याची त्याला परत करताना त्या माणसाची गोष्ट उलगडत जाते. शेवटच्या एपिसोडला कळतं की वहीच्या पहिल्या पानावरच्या एका छत्रीची नोंद या बाईने इतकी वर्षं निकालात काढलेलीच नाही, कारण ती छत्री तिच्या मुलाची आहे जो एका रात्री शेवटच्या गाडीने गेला आणि परत आला नाही. आता बघ, हे एवढं लिहिल्यावर हे 'एसटी स्टँडची सिरीज' राहिलं नाही. उद्या कोणी स्टँडवरची सिरीज केली तर करू दे. पण त्यात नियंत्रक बाई आली, वही आली, दर भागाला एक नोंद आली आणि शेवटी पहिल्या पानावरची नोंद तिच्याच घरातली निघाली, तर मग हा योगायोग म्हणायला कोणाची जीभ वळणार नाही. माणसं, क्रम, प्रसंग, शेवटाचा धागा, हे जितकं तू कागदावर उतरवशील तितकं ते तुझं होत जातं. म्हणून मला कोणी विचारलं की आयडिया कशी वाचवू तर मी आधी विचारते, किती लिहिलीयेस? वन लायनर असेल तर वाचवण्यासारखं अजून काही तयारच झालेलं नाही.

तू दहा पानं लिहिलीस. हे तू फार बरं केलंस, आणि तुझी बाजू तू समजतोयस तितकी कमजोर नाहीये. का ते सांगते.

कॉपीराइटच्या शेजारी अजून एक गोष्ट आहे जी आपल्या लोकांना फारशी माहीत नसते, ती म्हणजे विश्वासभंग. तू एखाद्याला एखादी गोष्ट ठराविक कामासाठी, विश्वासाने सांगितलीस, ती बाहेर कोणाला माहीत नव्हती, आणि त्याने ती तुला न विचारता वापरली, तर त्यावर कोर्ट त्याला थांबवू शकतं. इथे फक्त मांडणीच बघतात असं नाही, तू दिलेली कन्सेप्टसुद्धा बघतात, जर ती पुरेशी तपशिलात असेल तर. यातली सगळ्यात महत्त्वाची केस आपल्या मुंबई हायकोर्टातलीच आहे, २००३ ची, झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल कम्युनिकेशन्स. सनडायलवाल्यांनी 'क्रिश कन्हैया' नावाची कन्सेप्ट तयार केली होती, रायटर्स असोसिएशनकडे रजिस्टर केली होती, चॅनलला दाखवली होती. नंतर त्याच चॅनलकडून 'कन्हैया' नावाची मालिका येतेय असं कळलं. आता कृष्ण तर सगळ्यांचाच, त्यावर कोणाची मालकी असणार? चॅनलनेही असंच म्हटलं. पण कोर्टाने सनडायलची बाजू घेतली, कारण कृष्ण सगळ्यांचा असला तरी त्यातून यांनी जी विशिष्ट रचना केली होती ती यांची होती आणि ती विश्वासाने सांगितलेली होती. आणि कोर्टाने हेही लक्षात घेतलं की टीव्हीच्या धंद्यात नवीन कन्सेप्टची सगळी किंमत तिच्या नवेपणात असते, एकदा दुसऱ्याने दाखवली की मूळ माणसाच्या हातात काही उरत नाही.

पण दुसरी बाजूही ऐक, नाहीतर मी तुला हरभऱ्याच्या झाडावर चढवल्यासारखं होईल. आपल्या मराठीतलीच केस आहे, 'झोंबिवली'ची. एका लेखकाचं म्हणणं होतं की त्याने झोंबीवरची आपली स्क्रिप्ट निर्मात्या कंपनीकडे दिली होती आणि त्यातूनच हा सिनेमा झाला. २०२१ मधे मुंबई हायकोर्टाने सिनेमा थांबवायला नकार दिला. झोंबी ही काही कोणा एकाची कल्पना नाही, आणि विश्वासभंग म्हणायचा असेल तर तू नेमकी कोणती माहिती दिलीस, त्यात तुझं स्वतःचं वेगळं काय होतं, ती कोणत्या परिस्थितीत दिलीस, हे बोट ठेवून दाखवता यायला हवं, मोघम बोलून चालत नाही. मला विचारशील तर हा निकाल प्रत्येक नवीन लेखकाने वाचावा, कारण आपण नेमके इथेच मार खातो. आपल्याला मनातून खात्री असते की आपलंच उचललंय, पण काय उचललं असं कोणी विचारलं की आपण म्हणतो 'सगळंच', आणि 'सगळंच' या उत्तराला कोर्टात काडीची किंमत नाही.

तर आता तुझं काम. रडारड, मेसेज, फोन काहीही करायच्या आधी शांतपणे बस आणि एका कागदावर लिही की तू पाठवलेल्या दहा पानांत तुझं स्वतःचं म्हणून काय आहे. विषय सोडून दे, वातावरण सोडून दे. पात्रं, त्यांच्यातली नाती, गोष्ट कुठून सुरू होते, कुठे वळते, दर भागाची रचना, शेवट. मग मित्राकडून जे कळलंय ते शेजारच्या कॉलममधे लिही. आणि प्रामाणिकपणे लिही. दोन्हीत फक्त विषय सारखा निघाला तर मनाची तयारी ठेव की कदाचित ही चोरी नसेलही. हे मी तुला गप्प करायला म्हणत नाहीये. चॅनलवाले आणि ओटीटीवाले स्वतःच सगळ्यांना ब्रीफ देत असतात, या वर्षी ग्रामीण थ्रिलर हवंय, या वर्षी आजी-नातीची गोष्ट हवीये, आणि मग एकाच वेळी पाच लेखक पाच घरात बसून जवळपास सारखंच लिहीत असतात, हे मी जवळून बघितलंय, आणि प्रत्येकाला वाटतं की माझंच गेलं. पण रचना जुळत असेल, पात्रांचे धागे जुळत असतील, तर मग मागे हटू नकोस.

पुरावा म्हणून तुझ्याकडे व्हॉट्सअॅप चॅट आहे आणि ते चांगलं आहे. फाइल कधी गेली, कोणाला गेली, बघितली गेली, सगळं त्यात आहे. पण ते सांभाळ. चॅटवर डिसअपिअरिंग मेसेज चालू आहे का बघ आणि असेल तर आत्ता बंद कर. पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून स्वतःच्या मेलवर पाठव. स्क्रीनशॉट काढ पण नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नकोस, मूळ फोन जपून ठेव, विकू नकोस, रिसेट मारू नकोस. कारण इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायचा तर त्यासोबत एक सर्टिफिकेट जोडावं लागतं, पूर्वी एव्हिडन्स अॅक्टच्या ६५ बी कलमाखाली असायचं, १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ कलमाखाली असतं, आणि त्यात ते कोणत्या उपकरणावरून घेतलं हे सांगावं लागतं. तुझ्या लॅपटॉपवरची मूळ वर्ड फाइल, तिचे जुने ड्राफ्ट, हाताने लिहिलेल्या वह्या, काहीही टाकू नकोस. अपुरे, खाडाखोड केलेले ड्राफ्ट तर फार कामाचे, गोष्ट तुझ्या हातात कशी वाढत गेली ते त्यातूनच दिसतं आणि हे चोरणाऱ्याकडे कधीच नसतं.

मग त्या क्रिएटिव्ह हेडना एक साधी मेल टाक. भांडणाची नको, आरोप तर अजिबात नको. एवढंच, की अमुक तारखेला आपल्या ऑफिसमधे भेटलो होतो, तेव्हा मी माझी अमुक नावाची कन्सेप्ट ऐकवली होती, तुमच्या सांगण्यावरून त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर नोट पाठवली होती, त्याबद्दल तुमचा काय निर्णय झाला ते कळवावं, आणि तुम्हाला त्यात रस नसेल तर तसं सांगावं म्हणजे मी ती दुसरीकडे देऊ शकेन. बस. या मेलला उत्तर काहीही आलं तरी तुझं कामच होतं. 'हो, बघतोय' आलं तर भेट झाली हे त्यांनीच लेखी मान्य केलं. 'नको आहे' आलं तर मग तेच पुढे त्यांच्याकडून पडद्यावर कसं आलं याचं उत्तर त्यांना द्यावं लागेल. आणि काहीच आलं नाही तरी तू वेळेत विचारलं होतंस हे कागदावर राहिलं.

तू एसडब्ल्यूए, म्हणजे स्क्रीनरायटर्स असोसिएशनचा मेंबर आहेस का ते पत्रात लिहिलं नाहीस. नसशील तर आधी हो. पूर्वी याचंच नाव फिल्म रायटर्स असोसिएशन होतं, ऑफिस अंधेरीला आहे, आणि ती फक्त हिंदीवाल्यांची आहे असा आपल्या मुलांचा गैरसमज असतो, तसं नाहीये, मराठीत लिहिणारेही मेंबर असतात. मेंबर झालास की ऑनलाइन स्क्रिप्ट रजिस्टर करता येते, खर्च फार नाही. या रजिस्ट्रेशनने कॉपीराइट मिळत नाही हे मात्र लक्षात ठेव. कॉपीराइट तर तू लिहिलंस त्या क्षणीच तुझा झाला, १९५७ च्या कायद्याप्रमाणे त्यासाठी कुठे नोंद करायची सक्ती नाही. रजिस्ट्रेशनने सिद्ध होतं ते एवढंच की या तारखेला हा मजकूर या माणसाकडे होता, आणि भांडणात अर्धं काम त्या तारखेनेच होतं. शिवाय त्यांची तक्रार निवारण समिती आहे, क्रेडिट, पैसे आणि चोरी यावरच्या मेंबरच्या तक्रारी ते बघतात, दोन्ही बाजूंना बोलावतात, स्क्रिप्ट समोरासमोर ठेवून वाचतात. कोर्टाआधी हा रस्ता बरा.

अजून पक्कं हवं असेल तर सरकारच्या कॉपीराइट ऑफिसकडे अर्ज करता येतो, ऑनलाइन होतो, साहित्यकृतीची फी ५०० रुपये आहे, अर्ज केल्यावर ३० दिवस हरकतींसाठी थांबतात आणि पुढे सर्टिफिकेट यायला वेळ लागतो. माझं मत असं की पूर्ण स्क्रीनप्ले झाला की हे करावं, कन्सेप्ट नोटसाठी एसडब्ल्यूए पुरतं. आणि एकांकिका करणाऱ्या मुलांसाठी जाता जाता सांगते, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता जाते आणि सर्टिफिकेट मिळतं, ते फक्त प्रयोगाच्या परवानगीसाठी आहे असं समजून फाइलमधे टाकून विसरून जाऊ नका, सरकार दरबारी तुमच्या संहितेची तारीख लागलेली असते, जपून ठेवा. स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने स्क्रिप्ट पाठवून पाकीट बंद ठेवायचं, हा जुना उपाय अजूनही लोक सांगतात, त्यावर फार भरवसा ठेवू नकोस.

नावाचं विचारलं नाहीस तरी सांगते कारण पुढे येईलच. टायटलला कॉपीराइट नसतो. 'देसी बॉईज' या सिनेमाच्या केसमधे सुप्रीम कोर्टाने २०१५ मधे हे स्पष्टच सांगितलं, त्यातही लेखकाने त्याच नावाचा सारांश आधी असोसिएशनकडे रजिस्टर केलेला होता. तेव्हा 'माझं नाव ढापलं' यावर शक्ती घालवू नकोस.

आता भीतीचं. भांडलास तर काम मिळणार नाही असं तुला सगळे सांगतायत. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, इंडस्ट्री लहान आहे, त्यात मराठी इंडस्ट्री तर अजूनच लहान, चार फोन झाले की कोण 'कटकट्या' ते सगळीकडे पसरतं. पण फेसबुकवर पोस्ट टाकून नावं घेणं आणि नीट मेल करून विचारणं यात खूप फरक आहे. पोस्ट अजिबात टाकू नकोस. तुझ्याकडे अजून ठोस काही नाही, मित्राने सांगितलेली बातमी आहे, त्यावर नाव घेऊन लिहिलंस तर अब्रूनुकसानीची नोटीस तुलाच येईल, वर त्या मित्राची नोकरी जाईल. मित्राला यात कुठेही ओढू नकोस, त्याच्याकडून आतले कागद तर अजिबात मागू नकोस. पण मेल, असोसिएशन, वकिलाची नोटीस हे मार्ग धंद्यातले मान्य मार्ग आहेत आणि जे धड काम करतात ते यामुळे चिडत नाहीत. एका सभ्य मेलने ज्यांचं डोकं फिरतं त्यांच्याकडे काम करून तुझं भलं होणार नव्हतंच, पैसे अडकले असते, क्रेडिट गेलं असतं.

आणि थांबून राहू नकोस. बरेच जण वाट बघतात, प्रोमो येऊ दे, ट्रेलर येऊ दे, मग बघू, आणि रिलीजच्या आदल्या आठवड्यात कोर्टात धावतात. मुंबई हायकोर्टाने अशा शेवटच्या क्षणी येणाऱ्यांना फटकारलंय, २०१७ मधे 'फिल्लौरी' सिनेमाच्या वेळी तर दंडही केला. दावा करायला कायद्याने साधारण ३ वर्षं असतात, पण थांबवायचं असेल तर कळल्याबरोबर हालचाल करावी लागते. आणि वकील गाठायचा तर कॉपीराइटचं काम करणारा गाठ, गावाकडच्या जमिनीच्या केस बघणाऱ्या काकांना यात घालू नकोस, ते कितीही जवळचे असले तरी. कॉपीराइटचा दावा तू जिथे राहतोस तिथल्या जिल्हा कोर्टातही करता येतो, ६२ कलमात तशी सोय आहे, समोरच्याच्या दारात जावं लागत नाही.

तुझ्या सरांचं म्हणणं. 'माझ्याकडे असताना लिहिलंस ते माझं' हे असं सरसकट खरं नाही. कायद्यात असं आहे की पगारी नोकरीत, नोकरीचं काम म्हणून जे लिहिलं जातं ते करारात वेगळं काही ठरलं नसेल तर मालकाचं. म्हणजे त्यांच्या मालिकेचे संवाद तू लिहिलेस तर त्यावर तू दावा सांगू शकणार नाहीस असं धरून चाल. पण रात्री तुझ्या रूमवर, तुझ्या लॅपटॉपवर, त्यांनी न सांगितलेली, त्यांच्या मालिकेशी संबंध नसलेली गोष्ट तू लिहिलीस तर ती तुझी. फक्त तू काही सही केलेली असशील तर तो कागद काढून वाच. काही करारात एक ओळ असते, की या काळात निर्माण केलेलं सर्व काही कंपनीचं, ती आहे का बघ. नसेल तर निवांत हो, पण त्यांच्या मेल आयडीवरून, त्यांच्या ग्रुपवर, त्यांच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर स्वतःचं काही लिहू नकोस. आणि सरांशी वाद घालू नकोस, त्यांना तुझ्या कन्सेप्टबद्दल सांगायचंच कशाला.

पुढच्या आठवड्यातल्या मीटिंगला जा. नक्की जा. घाबरून गोष्ट ट्रंकेत ठेवलीस तर ती चोरीला जाणार नाही हे खरं, पण बनणारही नाही, आणि तू काही ट्रंकेत ठेवायला लिहीत नाहीयेस. जायच्या आधी पूर्ण दहा पानं रजिस्टर कर, शक्य असेल तर पायलटचा, म्हणजे पहिल्या एपिसोडचा, स्क्रीनप्लेही लिहून काढ आणि तोही रजिस्टर कर.

देताना मात्र विचार करून दे, आणि इथे एक बारीक गोष्ट आहे. बरेच सीनियर सांगतात की कमी द्यायचं, दोन ओळी द्यायच्या, शेवट सांगायचा नाही. हे अर्धंच बरोबर आहे. कारण उद्या भांडण झालं तर तुझ्या लॅपटॉपवर काय होतं यापेक्षा तू त्यांना काय दिलंस हे बघितलं जातं. तू फक्त 'एसटी स्टँडची सिरीज' एवढंच दिलं असशील तर त्यांनी वही आणि छत्री स्वतःच सुचवली असं ते म्हणू शकतात आणि तुझ्याकडे त्याला उत्तर नसेल. म्हणून दोन-तीन पानं अशी तयार कर ज्यात तुझं सगळ्यात वेगळं जे आहे, जे दुसऱ्या कोणाला सहज सुचणार नाही, ते ठळकपणे आलेलं असेल. एपिसोडचा पूर्ण आराखडा आणि संवाद मात्र करार होईपर्यंत तुझ्याकडे. पीडीएफ कर, प्रत्येक पानाखाली तुझं नाव, तारीख, रजिस्ट्रेशन नंबर.

एनडीए, म्हणजे गोष्ट गुप्त ठेवण्याचा लेखी करार, मागावा का, असं तुला वाटेल. मोठी हाऊसेस नवीन लेखकासोबत एनडीए सहसा करत नाहीत, उलट काही जण तुझ्यापुढेच एक रिलीज फॉर्म ठेवतात, तो न वाचता सही करू नकोस. त्यात बहुतेक वेळा असं लिहिलेलं असतं की आमच्याकडे अशाच कल्पना आधीपासून असू शकतात आणि आम्ही तसं काही केलं तर तुम्ही दावा करणार नाही. सही केलीस की विश्वासभंगाचा मुद्दा जवळपास संपला. घरी नेऊन वाचतो म्हण, दोन दिवस माग, जो माणूस दोन दिवसही देत नाही त्याला गोष्ट ऐकवू नकोस. आणि पुढे खरंच करार झाला तर त्यात मुदत आणि प्रदेश लिहिलाय का बघ, लिहिला नसेल तर कायदा ५ वर्षं आणि फक्त भारत एवढंच धरतो, पण बहुतेक करारात कायमस्वरूपी आणि जगभर असं लिहिलेलं असतं, तेव्हा त्याचे पैसे त्या हिशोबाने माग. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर लेखकाचा रॉयल्टीचा हक्क असा सहीने काढून घेता येत नाही, तसं कलम दिसलं तर एसडब्ल्यूएला दाखव.

एनडीए नसला तरी एक मेल असतेच. मीटिंग झाली की खाली उतरून रिक्षा पकडायच्या आधी फोनवरूनच ही पाठव, हवी तर अशीच्या अशी वापर: "नमस्कार, आज आपल्या ऑफिसमधे भेटून छान वाटलं, वेळ दिल्याबद्दल धन्यवाद. मी ऐकवलेल्या (इथे कन्सेप्टचं नाव) या माझ्या मूळ कन्सेप्टची नोट सोबत जोडतोय, एसडब्ल्यूए रजिस्ट्रेशन नंबर अमुक. ही नोट फक्त आपण या प्रोजेक्टवर माझ्यासोबत काम करायचं का हे ठरवण्यासाठी, गोपनीय म्हणून देत आहे, माझ्या लेखी परवानगीशिवाय ती वापरू नये किंवा पुढे कोणाला देऊ नये ही विनंती. आपल्या उत्तराची वाट बघतो." यात कोणाचा अपमान नाही, कोणावर संशय नाही, आणि तू गोष्ट कोणत्या अटीवर दिलीस ते तारखेसह लिहिलं गेलं. ते व्हॉट्सअॅपवरच पाठव म्हणाले तर व्हॉट्सअॅपवरही पाठव, पण मेल आधी जाऊ दे, आणि मीटिंगला खोलीत अजून कोण कोण होतं त्यांचीही नावं मेलमधे 'आपल्यासोबत अमुक आणि अमुक होते' अशी सहज घाल.